'अधिकारक्षेत्र' की 'अधिकारिता' : एका विधिसंज्ञेची वऱ्हाडातील कसोटी

'ज्युरिस्डिक्शन' या संज्ञेसाठी राज्यघटनेच्या मराठी पाठाने 'अधिकारिता' हा प्रतिशब्द स्वीकारला; व्यवहारात मात्र 'अधिकारक्षेत्र' व त्याहून जुना 'हद्द' हेच शब्द चालतात. 'अधिकारिता' रुक्ष व घडीव आहे, हा आक्षेप खराच आहे. परंतु त्यावरून 'अधिकारक्षेत्र' सरस ठरत नाही.

तत्पुरुष समासात उत्तरपद प्रधान असते. त्यामुळे 'अधिकारक्षेत्र' म्हणताच अधिकार म्हणजे भूमीचा तुकडा, अशी समजूत होते. मूळ लॅटिन शब्दात भूमीचा मागमूस नाही. विधी उच्चारणे एवढाच त्याचा अर्थ. बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास तर या समजुतीला सरळ छेद देतो. १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीच्या कारभाराखाली गेले. १९०२ च्या कराराने ते सालीना २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले व १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडले गेले. निजामाचे सार्वभौमत्व तथापि कागदोपत्री अबाधित होते. देऊळगाव राजा आणि शेजारचे जालना ही दोन्ही गावे अशा रीतीने एकाच सार्वभौमाच्या मुलखात, पण भिन्न न्यायालयांच्या अंमलाखाली होती. उलट, ब्रिटिश हिंदुस्थानासाठी केलेला कायदा नागपुरास लागू झाला तरी बुलढाण्यास आपोआप लागू होत नसे. परमुलखातील अधिकार म्हणून तो निराळ्या आदेशाने लावावा लागे. या अडचणीच्या निवारणार्थ १९४१ मध्ये स्वतंत्र बेरार कायदे अधिनियम करणे भाग पडले. (भोसले व निजाम यांनी येथील महसूल वाटून घेतला, तेव्हाचा 'दुअंमल' हा शब्द या बाबतीत आजच्या परिभाषेहून अधिक डोळस म्हटला पाहिजे.)

प्रचलित कायदाही हाच भेद मानतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २१ अन्वये स्थळाविषयीचा आक्षेप प्रथम न्यायालयात वेळीच घेतला नाही, तर अपिलात तो सहसा ऐकला जात नाही. विषयाविषयीची अक्षमता मात्र पक्षकारांच्या संमतीनेही भरून निघत नाही. हीरालाल पाटणी वि. कालीनाथ (१९६१) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या दोहोंतील अंतर स्पष्ट केले. म्हणजे जो घटक सर्वांत लवचीक, त्यालाच 'अधिकारक्षेत्र' हा शब्द प्रधानपद देतो.

पोलीस ठाण्याच्या संदर्भात 'हद्द' हाच शब्द योग्य होय, कारण तेथे सीमा खरोखर भूमीवरची असते. न्यायालयासाठी 'अधिकारिता' ठेवावी. मात्र 'अधिकारिताबाह्य' यासारखे समास टाळून 'अधिकाराबाहेरचा' असे सरळ लिहावे.