'जरी' आलं की 'तरी' येणारच

इंग्रजी व्याकरणाचं कुठलंही गाइड उघडा. उभयान्वयी अव्ययांचा धडा साधारण सारखाच असतो: व्याख्या, अँड-बट-ऑरची यादी, प्रत्येकापुढे एक मराठी शब्द आणि खाली गाळलेल्या जागा. पाठ करायला सोपा. पण जिथे बोलायला हवं, नेमका तिथेच हा धडा गप्प बसतो.

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात शोभेल असं वाक्य घ्या: 'जरी भाव पडला, तरी माल आणावाच लागतो.' जुन्नर असो की मंचर, कुणालाही यात वावगं वाटणार नाही. आता यादी समोर ठेवून भाषांतर करा. जरी म्हणजे ऑलदो, तरी म्हणजे बट. दोन्ही शब्द वाक्यात बसतात आणि पेपरात लाल रेघ येते.

ही चूक निष्काळजीपणाची नाही. मराठीत असे शब्द जोडीने चालतात: जर-तर, जेव्हा-तेव्हा, जरी-तरी. इंग्रजीत ऑलदो आलं की बट नको. एवढं एक वाक्य धड्यात छापलं तरी पोरांचे किती मार्क वाचतील! त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'आपल्याला इंग्रजी जमतच नाही' हा समज वाचेल. पोराला भाषा येत असते. दोन भाषांमधला फरक त्याला कुणी सांगितलेला नसतो.

उलट बाजूही आहे. इंग्रजी जिथे अँड वापरते, तिथे मराठीचं बऱ्याचदा 'ऊन'वर भागतं: 'मंचरला जाऊन, माल विकून आलो.' 'आईबाप', 'भाजीभाकरी' यांत तर जोडणारा शब्दच नाही. ही सवय फार जुनी. जुन्नर तालुक्यातल्या नाणेघाटात सातवाहनांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा प्राकृत शिलालेख आहे. त्यातल्या वंदनात संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य ही नावं समासानेच जोडलेली आहेत. 'आणि' अर्थाचा 'च' येतो तो चार लोकपालांपाशी, तोही 'चार' या शब्दाच्या मागून.

१८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण आलं. इंग्रजी व्याकरणाचे साचे मराठीला लावून पाहण्याची सवय आपल्याला तेव्हापासूनची. मराठीच्या बाजूने इंग्रजीकडे पाहणं मात्र गाइडांना अजून सुचलेलं नाही. यादी हवीच, पण तिच्याशेजारी दुसरा रकाना हवा: इथे मराठी दोन शब्द वापरते, इंग्रजी एक, इथे मराठी एकही वापरत नाही. तोवर हा रकाना आपल्या वहीत आपणच आखायचा.