कलापथक कोणी जमविले?

लाल बावटा कलापथकाचा इतिहास आपल्याकडे एका वाक्यात उरकला जातो. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमरशेख आणि द. ना. गवाणकर एकत्र आले आणि कम्युनिस्ट पक्षाने लोककलेचा प्रचारासाठी वापर केला. सनाबद्दल वाद नाही. वाद आहे तो 'वापर' या शब्दाशी. वापरायची वस्तू मुकी असते आणि वापरणारा तेवढा शहाणा असतो, हे त्या शब्दाने आधीच ठरवून टाकलेले आहे.

कलापथकाला नाव मिळाले १९४४ साली. ते जमत होते त्याच्या कितीतरी आधीपासून. वाटेगावच्या मांगवाड्यातला तुकाराम भाऊराव साठे पोटासाठी मुंबईला आला, गिरणीत राबला, आणि मध्यंतरी गावी परतला तेव्हा चुलतभाऊ बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात शिरला. अण्णा भाऊंच्या दीड दिवसाच्या शाळेचे प्रस्थापित समीक्षकांना मोठे कौतुक. फडाची शाळा मात्र त्यांच्या हिशेबात येत नाही. लिहिलेल्या संहितेवाचून वग उभा करणे, सवालाला जागच्या जागी जवाब देणे, रात्रभर माणसे धरून ठेवणे, हे सारे शिक्षण त्या फडात होते. ते पिढ्यान् पिढ्या मांग-महारांनी सांभाळले आणि त्याबद्दल गावाची टाळी आणि गावाचीच हेटाळणी दोन्ही घेतली. पक्षाच्या कचेरीत ही विद्या नव्हती. ती वाड्यावस्तीतून चालत आली.

अमरशेख आले ते बार्शीहून, गिरणी कामगारांच्या लढ्यातून, आपला पहाडी आवाज घेऊन. मुंबईत माटुंग्याच्या लेबर कॅम्पात अण्णा भाऊंची शाहिरी आकाराला आली. १९४३ साली त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. याच काळात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांत रंगत होते आणि वामनदादा कर्डक गीते लिहू लागले होते. दोन्ही प्रवाहांचे ऐकणारे पुष्कळदा एकाच चाळीतले असत. अभ्यासक मात्र त्यांना दोन कपाटांत ठेवतात.

अण्णा भाऊंनी तमाशाच्या अंगाला हात घातला तो आतल्या माणसाच्या अधिकाराने. गणातला गणपती काढला, तिथे मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले. कृष्णाची गौळण गेली. सोंगाड्याची तिरकस जीभ तेवढी ठेवली. 'अकलेची गोष्ट' किंवा 'शेटजींचे इलेक्शन' यांतला विनोद पोथीनिष्ठ प्रचारकाला साधला नसता. मात्र याच वगांतून सावकार, शेठ आणि मंत्री जितके सोलून निघतात तितकी गावकुसाची भिंत सोलली जात नाही. ती ताकद पुढे 'फकिरा'त दिसली, आणि १९५९ साली प्रसिद्ध झालेली ती कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. कलापथकात असताना हा प्रश्न मागे का राहिला, हे विचारणे म्हणजे अण्णा भाऊंचा अवमान नव्हे.

सरकारने तमाशावर बंदी घातली तेव्हा 'लोकनाट्य' हे नाव पुढे आले. बंदीतून वाट काढणारा तो शब्द होता. पुढे पांढरपेशा रंगभूमीने तो आपलासा केला, आणि 'तमासगीर' ही मात्र शिवीच राहिली. नाव बदलल्याने कलेची जात बदलली. कलावंताची नाही बदलली.

१९६९ साली, जुलैत अण्णा भाऊ आणि ऑगस्टमध्ये अमरशेख, दोघेही गेले. २००२ साली अण्णा भाऊंचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत पुतळा उभा राहिला. आनंद आहे. पण पुतळा एकाचा होतो, पथकाचा होत नाही. मागे झील धरणारे, ढोलकी आणि तुणतुणे वाजविणारे कोण होते? एका चर्चासत्रात मी हे विचारले, तेव्हा व्यासपीठावर थोडी कुजबुज झाली आणि अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचे नाव पुकारले.