वस्तीचा वारसा आणि विकास नियंत्रणाची भाषा : मुंबईच्या वारसा नियमावलीची चिकित्सा

प्रास्ताविक

शहराची वाढ आणि जुन्या वस्त्यांचे जतन यांत समतोल साधणे, हे वाक्य नगरनियोजनाच्या जवळजवळ प्रत्येक दस्तऐवजात आढळते. समतोल म्हटला की तराजूची दोन पारडी डोळ्यांपुढे येतात. परंतु एका पारड्यात चौरस मीटरमध्ये मोजता येणारा आणि बाजारात विकता येणारा लाभ आहे, तर दुसऱ्यात केवळ मनाईचे कलम आहे. ही पारडी समान पातळीवर येतील कशी, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात मुंबईच्या वारसा नियमावलीचा या दृष्टीने विचार केला आहे. वारसा नियम दुबळे आहेत किंवा त्यांची अंमलबजावणी शिथिल आहे, ही टीका पुष्कळ वेळा झाली आहे आणि ती बऱ्याच अंशी योग्यही आहे. येथे मांडावयाचा मुद्दा मात्र वेगळा आहे. या नियमावलीने वस्तीच्या वारशाची व्याख्या करताना तेथील जीवनाला स्थान दिले, पण नियंत्रणाची साधने ठरविताना ते जीवन वगळले. व्याख्या आणि साधन यांतील या अंतरातूनच गिरगावसारख्या वस्त्यांचा वारसा निसटत गेला.

नियम ६७ ची पार्श्वभूमी व स्वरूप

बृहन्मुंबईची विकास नियंत्रण नियमावली १९९१ मध्ये अंमलात आली. तिच्यातील नियम ६७ अन्वये एप्रिल १९९५ मध्ये वारसा वास्तू व वारसा परिसर यांची यादी लागू झाली आणि परवानगीविषयी सल्ला देण्यासाठी मुंबई वारसा संवर्धन समितीची तरतूद झाली. भारतातील शहरांत स्थानिक नियोजनाच्या कायद्याद्वारे वारशाचे रक्षण करण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयत्न होय. तोपर्यंत संरक्षण म्हणजे पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील स्मारक, हीच समजूत होती. लोक राहतात, दुकाने चालतात, कचेऱ्या भरतात अशा सामान्य वास्तूही सार्वजनिक ठेवा असू शकतात, हे तत्त्व नियम ६७ ने मान्य केले. त्याचे हे श्रेय नाकारता येणार नाही. फोर्ट भागातील अनेक इमारती आज उभ्या आहेत, त्यामागे या नियमाचा वाटा मोठा आहे.

नियमाने वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, दुसऱ्या श्रेणीत ('अ' आणि 'ब' अशा उपविभागांसह) प्रादेशिक व स्थानिक महत्त्वाच्या वास्तू, आणि तिसऱ्या श्रेणीत नगरदृश्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तू येतात. यांखेरीज 'वारसा परिसर' ही स्वतंत्र संकल्पना आहे. तिसऱ्या श्रेणीची व्याख्या मुळातून पाहण्यासारखी आहे. या वास्तू परिसराचे व्यक्तिमत्त्व घडवितात आणि एखाद्या विशिष्ट समाजाच्या किंवा प्रदेशाच्या जीवनपद्धतीच्या प्रातिनिधिक असू शकतात, असा तिचा आशय आहे. तिथे वास्तुशिल्पीय मूल्याबरोबरच समाजशास्त्रीय मूल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे चाळ, वाडी, ओटा, गॅलरी, सामाईक अंगण यांचे मोल जाणण्याची दृष्टी नियमकर्त्यांना होती.

व्याख्या आणि साधन यांतील दरी

असे असताना नियमाने हाती दिलेली साधने कोणती? पाडकाम, पुनर्बांधणी, दुरुस्ती, दर्शनी भागातील बदल यांसाठी पूर्वपरवानगी; परिसरात उंचीवर मर्यादा; आणि बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क. ही सर्व साधने दगड, लाकूड आणि उंची यांच्याशी संबंधित आहेत. ज्या 'जीवनपद्धती'च्या नावाने वास्तूला श्रेणी मिळाली, ती जगणारा भाडेकरू या संपूर्ण रचनेत कोठेच नाही. मोबदल्याचा हक्क मालकाला, परवानगीचा अधिकार महापालिका आयुक्तांना, सल्ल्याचा अधिकार तज्ज्ञ समितीला. राहणाऱ्याच्या वाट्याला येते ती फक्त गळणाऱ्या छपराखाली वाट पाहणे.

ही त्रुटी दक्षिण मुंबईत विशेष गंभीर ठरते, कारण तेथील घरांचे अर्थकारण निराळे आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरभाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात भाडेकरूचे रक्षण करणारा तो आवश्यक कायदा होता; परंतु तो तात्पुरता न राहता दशकानुदशके वाढत गेला. भाड्यातून दुरुस्ती परवडेना, म्हणून मालकांनी हात काढून घेतला. इमारती कोसळू लागल्यावर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन झाले आणि अशा इमारतींवर उपकर बसविण्यात आला. तेव्हा या उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांपैकी १६,५०२ इमारती सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या, म्हणजे 'अ' वर्गातील होत्या. मंडळाच्या दुरुस्तीखर्चाला दर चौरस मीटरमागे कमाल मर्यादा असते. खर्च त्या मर्यादेपलीकडे गेला की इमारत दुरुस्तीयोग्य राहत नाही. लाकडी जिने, सागवानी तुळया आणि कोरीव कठडे असलेल्या इमारतीची काळजीपूर्वक दुरुस्ती साध्या इमारतीपेक्षा खर्चिकच असणार. त्यामुळे जी वास्तू अधिक मोलाची, तीच हिशेबात लवकर 'दुरुस्तीपलीकडची' ठरते.

वॉटसन्स हॉटेल म्हणून बांधलेल्या आणि पुढे एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखल्या गेलेल्या वास्तूचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. एकोणिसाव्या शतकातील ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची ही इमारत. १८९६ मध्ये ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा भारतातील पहिला खेळ येथेच झाला. ती दुसऱ्या 'अ' श्रेणीतील वारसा वास्तू आहे आणि उपकरप्राप्तही आहे. तरीही २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. श्रेणीमुळे तिचे पाडकाम अडले, हे खरे. पण श्रेणीने तिची दुरुस्ती केली नाही. मनाई आणि जतन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा भेद नियमावलीच्या लक्षात राहिला नाही.

एकाच पुस्तकातील दोन नियम

याच नियमावलीत नियम ३३(७) आहे. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी तो अतिरिक्त चटई क्षेत्र निर्देशांक देतो. मुंबई शहरात निवासी बांधकामाचा मूळ निर्देशांक १.३३ असताना, १९९९ मधील दुरुस्तीनंतर या नियमाखाली २.५, किंवा जुन्या रहिवाशांच्या पुनर्वसनाला लागणारे क्षेत्र अधिक त्यावर ५० टक्के प्रोत्साहनपर क्षेत्र, यांपैकी जे जास्त असेल ते मिळू लागले. भाडेकरूला किमान २२५ चौरस फुटांचे स्वतंत्र शौचालयासह घर विनामूल्य आणि मालकी हक्काने मिळणार होते. २००९ मध्ये समूह विकासाच्या नियम ३३(९) खाली निर्देशांक ४ पर्यंत नेण्यात आला.

१९९९ मध्येच राज्य शासनाने आणखी एक गोष्ट केली. तिसऱ्या श्रेणीतील आणि वारसा परिसरांतील उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास वारसा समितीच्या परवानगीच्या कक्षेतून वगळण्यात आला. या वगळण्याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. पहिल्या दोन श्रेणींत मुख्यतः सार्वजनिक इमारती आणि सुटी स्मारके येतात. वस्तीचा वारसा राहतो तो तिसऱ्या श्रेणीत आणि परिसरांत. नेमके हेच दोन गट वगळले गेले, आणि तेही शहरातील जुनी घरे ज्या वर्गात बहुसंख्येने मोडतात त्या उपकरप्राप्त इमारतींच्या बाबतीत. नियम ६७ कागदावर कायम राहिला, पण त्याने ज्यासाठी 'जीवनपद्धती' हा शब्द योजला होता तो विषयच त्याच्या हातून गेला.

या निर्णयाला केवळ बिल्डरधार्जिणा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. ते पुरेसे नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाला स्वतःचे शौचालय, पाणी आणि मालकीचा कागद मिळवून देणारा दुसरा कोणताही मार्ग शासनाने उपलब्ध करून दिला नव्हता. २०१७ मध्ये भेंडी बाजारात इमारत कोसळून ३३ माणसे मृत्युमुखी पडली, ही घटना डोळ्यांसमोर असताना 'चाळ जपा' असे बाहेरून सांगणे हृदयशून्यपणाचे ठरेल. गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून चालत आलेला सार्वजनिक गणेशोत्सव हा त्या वस्तीचा वारसा आहेच. परंतु उत्सवाच्या आठवणीने जिना दुरुस्त होत नाही. दोष रहिवाशांच्या निवडीत नसून त्यांच्यापुढे ठेवलेल्या पर्यायांत आहे. पाडले तर घर मिळते. जपले तर काहीच मिळत नाही. अशा मांडणीत वारसा हरला तर त्यात नवल नाही.

खोताची वाडी आणि शिवाजी पार्क

खोताची वाडी ही १९९५ च्या यादीतील वारसा परिसर आहे. एका पाठारे प्रभू खोताच्या जमिनीवर ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरे बांधली आणि अरुंद गल्ल्या, पुढचे व्हरांडे, बाहेरचे जिने यांची एक वेगळी वसाहत उभी राहिली. तेथील अनेक जुनी घरे आज उरलेली नाहीत. येथे हानी एका इमारतीची नसते. दोन मजली घरांच्या रांगेत एक उंच इमारत आली की उरलेल्या घरांचा उजेड, वारा आणि शेजार बदलतो. जमिनीचा अपेक्षित भाव वाढतो. आणि शेजारच्या घराच्या विक्रीचा विचार सुरू होतो. परिसर ही एक साखळी असते. परवानगी मात्र भूखंडागणिक दिली जाते. परिसराला यादीत स्थान देऊन त्याचा स्वतःचा आराखडा न करणे ही नियम ६७ च्या अंमलबजावणीतील मोठी उणीव होय.

याची दुसरी बाजू २०१२ मध्ये दिसली. त्या वर्षी महापालिकेने ९४८ नव्या वास्तू व परिसरांची प्रस्तावित यादी प्रसिद्ध केली. तीत शिवाजी पार्कचा समावेश होता. रहिवाशांनी तिला तीव्र विरोध केला. वारशाविषयी अनास्था म्हणून या विरोधाची संभावना करणे चुकीचे ठरेल. आपल्या मैदानाचा आणि परिसराचा अभिमान बाळगणारी मुंबईतील ही एक अग्रेसर वस्ती आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतींत म्हातारपण आलेल्या माणसांना 'वारसा' या शब्दात पुनर्विकासाला बसणारी खीळ दिसली; त्याबरोबर दुरुस्तीसाठी कोणती मदत मिळेल हे त्यांना दिसले नाही. याउलट ओव्हल मैदान व मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्या प्रयत्नांत नागरिकांच्या संघटना पुढे होत्या. रहिवासी सहभागी असले की नियमाचे ओझे वाटत नाही, एवढे तरी यावरून म्हणता येते.

पुणे आणि बोलोन्या

हा दोष मुंबईपुरता नाही. पुण्यात शनिवारवाड्याभोवती २०१० च्या केंद्रीय कायदादुरुस्तीने १०० मीटरचा प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरचा विनियमित पट्टा निश्चित केला. त्या पट्ट्यातील जुन्या वाड्यांची पुनर्बांधणी अडली. स्मारक जपण्यासाठी आखलेल्या या वर्तुळात, त्या स्मारकाला अर्थ देणाऱ्या पेठेतील वाडे मोडकळीस येत राहिले. मुंबईने उंचीने मोजले, पुण्यात अंतराने मोजले गेले. वस्तीला दोन्हीकडे स्थान मिळाले नाही.

वेगळा विचार शक्य आहे, हे इटलीतील बोलोन्या शहराने १९७० च्या दशकात दाखविले. तेथील नगरपालिकेने जुन्या गावठाणातील श्रमिकांच्या घरांचे जतन हा सार्वजनिक गृहनिर्माणाचाच भाग मानला. सार्वजनिक निधीतून घरांची दुरुस्ती करावी आणि मूळ रहिवाशांना तेथेच परवडणाऱ्या भाड्यात ठेवावे, हे तिचे सूत्र होते. सक्तीच्या संपादनाला विरोध झाल्याने मालकांशी करार करण्याचा मार्ग तिला पत्करावा लागला. तेव्हा हा नमुना निर्दोष नाही. पण दुरुस्तीचा पैसा आणि राहण्याचा हक्क ही वारसा जतनाची मूळ साधने आहेत, हे तत्त्व त्यातून घेण्यासारखे आहे.

समारोप

२०१८ मध्ये मुंबईत नवी नियमावली लागू झाली. तिचे नाव 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४' असे आहे. वारशाची तरतूद तीत नियम ५२ म्हणून आली आणि ३३(७) कायम राहिला. त्याखालील किमान घर आता ३०० चौरस फुटांचे आहे. नावातील 'प्रोत्साहन' मात्र अद्याप मुख्यत्वे पाडून बांधणाऱ्याच्याच वाट्याला आहे. तिसऱ्या श्रेणीच्या व वारसा परिसरांतील इमारतींसाठी दुरुस्तीखर्चाची वेगळी आणि वाढीव मर्यादा. हस्तांतरणीय विकास हक्काच्या विक्रीतील ठरावीक भाग त्याच इमारतीच्या दुरुस्तीवर खर्च करण्याचे बंधन. जुनी चौकट राखून शौचालय व लिफ्ट बसविण्यास सुलभ परवानगी. दुरुस्त केलेल्या इमारतीतही भाडेकरूला मालकी मिळण्याचा मार्ग. आणि प्रत्येक परिसराचा रहिवाशांसह केलेला आराखडा, या पाच गोष्टी नियमांत आल्याशिवाय समतोलाची भाषा पोकळच राहील.

जपल्यास घर सुरक्षित होईल आणि आपले होईल, असे चाळीतील रहिवाशाला ज्या दिवशी नियम सांगू शकेल, त्या दिवशी वारसा आणि वाढ यांची तुलना न्याय्य पायावर सुरू होईल. त्यानंतरही काही इमारती पाडाव्या लागतील आणि काही रहिवासी नवे घरच पसंत करतील. पण तेव्हा ती त्यांची निवड असेल. आज नियमावलीने ती त्यांच्या वतीने आधीच करून ठेवलेली आहे.