क्रूझवरचा प्रवासी, बार्सिलोना आणि आठ तासांचा पुरावा



मागच्या लेखात आपण सॅम्पलिंग, म्हणजे नमुना निवडण्याच्या पद्धती पाहिल्या. व्याख्या पाठ होतात, पण कुणाचं लेखन वाचताना त्यातली निवड ओळखायची कशी, हा खरा प्रश्न आहे. म्हणून आज मुद्दाम प्रयोगशाळेबाहेरचा एक लेखनप्रकार परीक्षणाला घेऊ.

हा प्रकार तुम्ही नक्की वाचलेला असणार. क्रूझ सकाळी बंदराला लागते. प्रवासी उतरतो, शहरातल्या गाजलेल्या इमारती बघतो, संध्याकाळी जहाजावर परततो आणि 'एका दिवसात अमुक शहर' असा लेख लिहितो. दिवाळी अंकात, फेसबुकवर, व्हिडिओतून, सगळीकडे हे चालू असतं. उदाहरण म्हणून बार्सिलोना घेऊ, कारण भूमध्य समुद्रातलं ते क्रूझचं फार मोठं बंदर आहे आणि तिथली वास्तुकला जगप्रसिद्ध आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. वेळ कमी होता म्हणून हे लेखन उथळ होतं, असं मला वाटत नाही. आठ तासांत पुष्कळ काही कळू शकतं. अडचण अशी, की आठ तासांच्या पुराव्यावर अख्ख्या शहराचा निष्कर्ष उभा केला जातो आणि तो पुरावा कुणी निवडला, हे वाचकाला सांगितलंच जात नाही.

रस्ता कुणी आखला?

बार्सिलोनाला क्रूझ जहाजं शहरापासून जरा लांबच्या धक्क्याला लागतात. तिथून बस कोलंबसच्या उंच स्तंभापाशी आणून सोडते. पुढे ला राम्बला हा गजबजलेला रस्ता, मग पासेच दे ग्रासिया, तिथे कासा बात्यो आणि कासा मिला, नंतर साग्रादा फामिलिया, आणि वेळ उरला तर पार्क ग्वेल. शेवटच्या चारही ठिकाणांचा वास्तुविशारद एकच, आंतोनी गौदी. आणि लेखाचा निष्कर्ष काय? तर 'बार्सिलोना म्हणजे गौदी!'

अहो, नमुन्यात दुसरं कुणी घेतलंच नाही, तर दुसरं उत्तर येणार कुठून?

गंमत म्हणजे दुसरे लोक लांब नाहीतच. कासा बात्योला अगदी चिकटून कासा आमात्येर उभं आहे. ते पुच इ कादाफाल्कचं. त्याच रांगेत कोपऱ्यावर कासा येओ मोरेरा आहे, ते दोमेनेक इ मोंतानेरचं. तीन स्पर्धक एकाच फुटपाथवर! याच दोमेनेकचं संगीतगृह, पालाउ दे ला मूसिका, राम्बलापासून थोड्याच अंतरावर आहे आणि १९९७ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे. क्रूझच्या लेखात मात्र शेजारच्या घरांना 'आजूबाजूच्या सुंदर इमारती' एवढीच जागा मिळते.

आणखी एक गोष्ट. बार्सिलोना नगरपालिका त्या काळी वर्षातल्या उत्तम इमारतीला पुरस्कार देत असे. गौदीला तो १९०० मध्ये मिळाला, कासा काल्वेतसाठी. हे त्याचं सगळ्यात संयत, शिस्तीतलं दिसणारं घर. आज त्याच्यासमोर रांग लागत नाही. म्हणजे समकालीनांची पसंती आणि आजची पसंती वेगळी आहे. सायटेशनची संख्या बघून शोधनिबंध निवडता ना तुम्ही? ती संख्यासुद्धा त्या-त्या काळाची पसंती सांगते. तिचा उपयोग जरूर करा, पण तिला गुणवत्तेचं मोजमाप समजू नका.

दावा तपासला का?

कोलंबसच्या पुतळ्यापाशीच एक छोटी परीक्षा होऊन जाते. 'त्याचं बोट अमेरिकेकडे आहे' असं पुष्कळ लेखांत ठोकून दिलेलं असतं. बोट समुद्राच्या बाजूला आहे, आणि बार्सिलोनाचा समुद्र शहराच्या पूर्व-आग्नेयेला आहे. अमेरिका पश्चिमेला! खिशातल्या मोबाइलमध्ये होकायंत्र असतं, तपासायला अर्धा मिनिट लागतो. वेळ नव्हता ही सबब इथे चालत नाही. ऐकीव माहिती आणि स्वतः पाहिलेलं हे एकाच वाक्यात, एकाच आवाजात लिहिण्याची सवय, हे या लेखनप्रकाराचं मला सगळ्यात खटकणारं वैशिष्ट्य आहे. निबंध लिहिताना 'असं आढळतं' हे शब्द तुम्ही टाकता, तेव्हा कुणाला आढळलं, हे स्वतःला विचारा.

नेमकी कुणाची इमारत?

आता साग्रादा फामिलिया. लेखात वाक्य ठरलेलं असतं: 'आत शिरलो आणि गौदीच्या प्रतिभेने थक्क झालो.' जरा तारखा बघू.

काम १८८२ मध्ये सुरू झालं ते विलार नावाच्या दुसऱ्याच वास्तुविशारदाच्या आराखड्यावर. गौदी १८८३ मध्ये आला. १९२६ मध्ये ट्रामच्या धक्क्याने तो गेला, तेव्हा तळघरातलं प्रार्थनागृह, मागची अर्धवर्तुळाकार भिंत, जन्मदर्शनी बाजूचा बराच भाग आणि एकच पूर्ण मनोरा एवढं उभं होतं. १९३६ मध्ये यादवी युद्धाच्या सुरुवातीला त्याची कार्यशाळा जाळली गेली, प्लास्टरच्या प्रतिकृती फोडल्या गेल्या. ते तुकडे जोडून, त्यातली भूमिती शोधून पुढचं काम झालं. १९६५ मध्ये तर अनेक नामवंत वास्तुविशारद आणि कलावंतांनी हे बांधकाम थांबवा, असं जाहीर पत्र काढलं होतं. दुसऱ्या दर्शनी बाजूची टोकदार, कोरडी शिल्पं सुबिराक्सची आहेत. आणि ज्या खांबांच्या जंगलात प्रवासी थक्क होतो, तो मधला भाग २०१० च्या सुमारास पुरा झाला. म्हणजे गौदी गेल्यावर ८४ वर्षांनी.

युनेस्कोने इथे फार नेमकेपणा दाखवला आहे. जागतिक वारशाच्या यादीत अख्खं साग्रादा फामिलिया नाही. त्यातली फक्त जन्मदर्शनी बाजू आणि तळघर आहे.

मग आतला भाग गौदीचा नाही का? कल्पना त्याची, भूमिती बऱ्याच अंशी त्याची, बांधणी आणि असंख्य निर्णय इतरांचे. हे चार शब्दांत लिहिता येतं, आणि लिहिलं तर इमारत कमी सुंदर होत नाही. उलट, फुटक्या तुकड्यांवरून एखाद्याचा हेतू पुन्हा उभा करणं म्हणजे काय असतं, ही त्याहून मोठी गोष्ट हाती लागते. प्रयोगशाळेतही एका नावाखाली अनेकांचं काम असतं, हे तुम्हाला लवकरच कळेल. तेव्हा ही सवय आत्तापासून लावा.

'निसर्गातून प्रेरणा' म्हणजे स्पष्टीकरण नव्हे

गौदीबद्दल हमखास येणारं वाक्य: 'त्याने निसर्गातून प्रेरणा घेतली.' बरं, मग? प्रेरणेने कमान उभी राहत नाही.

बघा, एक साखळी दोन टोकांना धरून लोंबकळू द्या. तिच्या प्रत्येक कडीवर फक्त ताण येतो, कारण साखळी वाकण्याला विरोध करूच शकत नाही. आता तोच आकार उलटा करून दगड-विटांत बांधा. जिथे ताण होता तिथे आता फक्त दाब येईल. आणि दगड-वीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. रॉबर्ट हूकने हे तत्त्व १६७५ मध्येच, अक्षरांचं कोडं करून, छापलं होतं.

गौदीने यातून मोजण्याचं साधन बनवलं. शहराबाहेरच्या कोलोनिया ग्वेल इथल्या चर्चसाठी त्याने दोऱ्यांचं मोठं जाळं छतापासून उलटं टांगलं आणि भाराच्या जागी शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या लटकवल्या. लांबीचं प्रमाण १:१०, वजनाचं १:१०,०००. ही दोन प्रमाणं वेगळी कशी चालली? कारण टांगलेल्या दोरीचा आकार भारांच्या आपसातल्या प्रमाणावर ठरतो, एकूण वजनावर नाही. सगळे भार सारख्याच पटीने कमी केले, तरी आकार तोच राहतो. जाळ्याचा फोटो काढायचा, उलटा धरायचा, त्यावर इमारत रंगवायची. कॉम्प्युटर नसताना केलेलं हे सिम्युलेशन! पैसा थांबल्याने ते चर्च पुरं झालं नाही, फक्त तळघर झालं. पण जे शिकायचं ते शिकून झालं होतं.

आता गंमत बघा. अशा टांगलेल्या जाळ्याची प्रतिकृती कासा मिलाच्या पोटमाळ्यावर मांडलेली आहे, विटांच्या २७० कमानींच्या खाली. प्रवासी तिथूनच गच्चीवर जातो आणि चिमण्यांचे फोटो काढून खाली उतरतो. पुरावा डोळ्यांसमोर होता. विचारायला प्रश्न नव्हता.

पायाखालचं शहर

सर्वांत मोठी वगळणूक मात्र वेगळीच आहे. कासा बात्यो आणि साग्रादा ज्या भागात आहेत, तो एशाम्पले नावाचा चौकटींचा विस्तार इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने आखला. १८५४ मध्ये जुन्या शहराची तटबंदी पाडायला सुरुवात झाली आणि १८५९ मध्ये माद्रिदच्या सरकारने त्याचा आराखडा मंजूर केला. स्थानिक नगरपालिकेची पसंती वेगळ्याच आराखड्याला होती. सेर्दाने त्याआधी कामगारवर्गाच्या राहणीचा सांख्यिकी अभ्यास केला होता: मजुरी, खर्च, राहायची जागा. दाटीवाटी आणि मृत्यू यांचा संबंध त्याला आकड्यांत दिसत होता. म्हणून त्याचे रस्ते २० मीटर रुंद, ब्लॉक सुमारे ११३ मीटरचे, कोपरे तिरके छाटलेले, म्हणजे वळणाला जागा आणि नजरेला मोकळीक. आत बागा, भरपूर हवा आणि ऊन. पुढे जमिनीला भाव आला आणि बहुतेक ब्लॉकच्या आतल्या मोकळ्या जागा बांधकामाने भरून गेल्या.

क्रूझचा प्रवासी दिवसभर सेर्दाच्या रस्त्यावर चालतो आणि लेखात त्याचं नावही येत नाही. कारण रस्त्याला तिकीट नसतं. आपल्याकडेही मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याची आखणी झाली. पण मुंबईच्या धक्क्याला उतरलेला पाहुणा गेटवे आणि सीएसएमटी बघून जातो.

हे इतकं मनावर का घ्यायचं?

कारण वर्णनाने वाट बनते. एकाने यादी लिहिली की पुढच्या बोटीतली माणसं त्याच यादीवर चालतात. पार्क ग्वेल मुळात ६० भूखंडांची निवासी वसाहत व्हायची होती. ती योजना फसली, घरं दोनच झाली. आज त्याच टेकडीवरच्या रहिवाशांना स्वतःच्या छोट्या बसमध्ये जागा मिळेना. शेवटी २०२४ मध्ये ११६ क्रमांकाची बस नकाशाच्या अॅपवरून काढून टाकावी लागली, म्हणजे पर्यटकांना ती दिसूच नये. २०२५ मध्ये शहर आणि बंदर यांच्यात क्रूझ टर्मिनल ७ वरून ५ वर आणण्याचा करार झाला. निरीक्षणाने निरीक्षणाची वस्तू बदलते, याचं एवढं ढळढळीत उदाहरण शोधून सापडणार नाही.

या लेखनप्रकाराच्या बाजूनेही बोललं पाहिजे. नवख्या नजरेला जे दिसतं, ते तिथे राहणाऱ्याला दिसेनासं होतं. आवाज, गर्दी, दगडाचा रंग, जिना चढताना लागलेला दम, हे एका दिवसात खरंखुरं मिळतं. मीना प्रभूंच्या 'माझं लंडन'मागे त्या शहरातलं दीर्घ वास्तव्य आहे. ती अपेक्षा एका दिवसाकडून करणं अन्यायाचं. एका दिवसाकडून एका दिवसाएवढा प्रश्न मागावा. 'बार्सिलोना कसं आहे?' हा प्रश्न त्यात मावत नाही. 'एका फुटपाथवरच्या तीन घरांनी खिडकी तीन तऱ्हेने का केली?' हा मावतो. 'साग्रादात १९२६ च्या आधीचं काय आणि नंतरचं काय, हे दगडावरून ओळखता येतं का?' हाही मावतो.

पीएचडीच्या मुलाखतीला जाण्याआधी बहुतेक विद्यार्थी विषयाचा आढावा असाच घेतात: सर्वाधिक उद्धृत दहा निबंध, दोन गाजलेली नावं, आणि मग 'या क्षेत्रात असं दिसून येतं...' समोर बसलेली माणसं त्याच शहरात वीस वर्षं राहिलेली असतात, हे विसरू नका. त्यांना तुमच्याकडून अख्ख्या शहराचं ज्ञान नको असतं. तुम्ही कोणत्या रस्त्याने आलात आणि काय बघायचं राहिलं, हे तुम्हाला ठाऊक आहे का, एवढं ते बघतात.

तर या आठवड्याचा अभ्यास: कुठलंही 'एका दिवसात अमुक शहर' असं वर्णन घ्या आणि समासात चार खुणा करा. स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं, कुणाच्या तरी नावावर खपवलेलं आणि नमुन्याबाहेर जाणारा निष्कर्ष. मग त्याच चार खुणा स्वतःच्या सिनॉप्सिसवर करा. दुसरी खूण किती वेळा आली, ते कमेंटमध्ये जरूर कळवा.