कामगार आणि मतदार : एग्मोर व परळ

डावी चळवळ लोकांच्या गाण्यांत रुजते, मतपेटीत मात्र तोकडी पडते. याचे कारण बहुधा पक्षफुटीत व आघाड्यांच्या गणितात शोधले जाते. तमिळ व मराठी वाङ्मयव्यवहार शेजारी ठेवल्यास आणखी एक कारण दिसते. या चळवळीने ‘कामगार’ ही ओळख घडवली. परंतु कामगाराच्या वस्तीपर्यंत आणि जातीपर्यंत तिची परिभाषा पुरेशी पोचली नाही.

चेन्नईत सिंगारवेलु यांनी १९२३ साली देशातील पहिला मे दिन साजरा केला. मात्र १९२१ च्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या संपात आदिद्राविड व इतर कामगार यांच्यात फूट पडून एग्मोरपासून जवळच असलेल्या पुलियनतोपमध्ये दंगली झाल्या होत्या. ही भेग वर्गाच्या भाषेने सांधली नाही. पुढे अण्णादुराईंच्या ‘वेलैक्कारी’ने आणि करुणानिधींची पटकथा लाभलेल्या ‘पराशक्ती’ने (१९५२) दारिद्र्याची कथा धर्मसत्ता व तमिळ अस्मिता यांच्या संदर्भात मांडली. आर्थिक अन्यायाचा उच्चारही अशा रीतीने द्रविड चळवळीच्या स्वाधीन झाला. १९९१ साली द्रमुकचा राज्यभर धुव्वा उडाला, तेव्हा त्याने राखलेल्या दोन जागांपैकी एक एग्मोरची, म्हणजे राखीव मतदारसंघाची होती.

मुंबईचा अनुभव समांतर आहे. १९२८ च्या गिरणी संपात अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश नसल्याचा प्रश्न डॉ. आंबेडकरांना उपस्थित करावा लागला. अण्णा भाऊ साठे व अमर शेख यांच्या शाहिरीने गिरणगाव भारावला. तरी १९५७ मध्ये डांगे लोकसभेत गेले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेवर. भाषेचा प्रश्न १९६० मध्ये सुटला आणि अस्मितेचा वारसा इतरांनी उचलला. आमदार कृष्णा देसाई यांच्या हत्येनंतर १९७० मध्ये परळच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नीचा पराभव करून शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला.

अस्मितेपुढे वर्ग नेहमीच हरतो, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. १९६८ साली कीळवेण्मणीत ४४ दलितांना जाळून मारले गेले. त्या तंजावर-नागपट्टिनम परिसरात मजुरी आणि जात यांविरुद्धचा लढा एकच होता. म्हणूनच तेथे डावा पाया टिकला. आघाडीच्या आधाराने का होईना, २०२४ मध्येही नागपट्टिनमची लोकसभेची जागा भारतीय कम्युनिस्ट पक्षाकडेच राहिली. मर्यादा विचारसरणीपेक्षा तिने निवडलेल्या नायकाची आहे: ज्याला घर, जात आणि बोली नाही, त्या नायकात मतदाराला स्वतःचा चेहरा दिसत नाही.