गॅलोवे यांचा त्रिकोण : बळ दिसते, दिशा दिसत नाही

त्रिभुज प्रदेशांचे प्रकार शिकवताना एक आकृती हमखास समोर येते. अमेरिकन भूवैज्ञानिक विल्यम गॅलोवे यांनी १९७५ मध्ये मांडलेला हा त्रिकोण. त्याची टोके तीन : नदी, लाटा आणि भरती-ओहोटी. ज्या शक्तीचा प्रभाव जास्त, त्या टोकाकडे त्या त्रिभुज प्रदेशाचा ठिपका सरकतो. मिसिसिपी नदीच्या टोकाजवळ, ब्राझीलची साव फ्रान्सिस्को लाटांच्या टोकाजवळ, तर गंगा-ब्रह्मपुत्रा भरतीच्या बाजूला. ‘नदी गाळ आणते आणि शांत समुद्रात टाकते’ एवढ्यावर थांबणाऱ्या वर्णनापेक्षा ही आकृती कितीतरी सरस आहे. समुद्रही त्रिभुज प्रदेश घडवतो, हे ती एका दृष्टिक्षेपात सांगते.

मात्र आपल्या पूर्व किनाऱ्याला ती लावताना तिच्या उणिवा जाणवतात. त्यासाठी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणाऱ्या गोदावरीचेच उदाहरण घेऊ.

पहिली उणीव दिशेची. लाट किनाऱ्यावर तिरपी चढते, परतताना मात्र पाणी उताराने सरळ खाली येते. त्यामुळे वाळूचा कण नागमोडी पावले टाकत किनाऱ्याने पुढे सरकतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात दक्षिणेकडून येणाऱ्या लाटा ही वाळू ईशान्येकडे नेतात. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ती उलट वाहते, पण कमी. वर्षाचा जमाखर्च उत्तरेच्या बाजूने उरतो. नदीचा पूरही नेमका नैर्ऋत्य मोसमी पावसाच्याच महिन्यांत येतो. गोदावरीच्या मुखापासून उत्तरेकडे वाढलेला, सुमारे १८ किलोमीटर लांबीचा काकीनाड्याचा वाळूचा दांडा ही या वाहतुकीची ठळक खूण. ‘लाटा’ या एका शब्दावरून हा दांडा उत्तरेलाच का वाढला, हे विद्यार्थ्याला कधीच कळणार नाही.

दुसरी उणीव काळाची. ठिपका म्हणजे सरासरी. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळे मुख्यतः मोसमी पावसाच्या आधी आणि नंतर येतात. अशा वेळी उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून खोल पाण्यात नेतात आणि चढलेले पाणी दांडा ओलांडून वाळू पलीकडे फेकते. पुढच्या शांत महिन्यांत त्यातली काही परतते, सगळी नाही. काही तासांत झालेला हा बदल सरासरीत बुडून जातो.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर. त्रिकोण फक्त सापेक्ष वाटा दाखवतो, एकूण परिमाण नाही. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. गोदावरीच्या खोऱ्यात अशी आणखी अनेक धरणे आहेत आणि त्यांच्यामागे गाळ अडतो. आकृतीत ठिपका लाटांच्या टोकाकडे सरकेल आणि विद्यार्थी म्हणेल, ‘लाटांचा जोर वाढला.’ प्रत्यक्षात लाटा पूर्वीइतक्याच असतील. नदी गरीब झाली असेल. समुद्राने जमीन खाल्ली म्हणून आपण समुद्राला दोष देतो आणि वरच्या अंगाला काय घडले ते पाहतच नाही. नाशिक-पैठणच्या वर्गात तर हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण तिथून खाली जाणारा गाळच काही अंशी तो दूरचा किनारा भरून काढत असतो.

किनाऱ्यावरचा अडथळाही हेच शिकवतो. ओडिशातील पारादीप बंदर १९६६ मध्ये सुरू झाले. तिथल्या लाटारोधक भिंतीने उत्तरेला जाणारी वाळू अडवली. दक्षिणेला वाळू साठू लागली, उत्तरेचा किनारा खचू लागला आणि तिथे दगडी भिंत घालावी लागली. त्रिकोणात याला जागाच नाही.

मग आकृती टाकून द्यायची का? मुळीच नाही. वर्गीकरणाची सुरुवात म्हणून ती उत्तम आहे. फक्त ठिपक्याशेजारी आणखी तीन गोष्टी मागाव्यात : वाळू वाहण्याचा बाण, महिना आणि गाळाचे प्रमाण. एवढे केले की विद्यार्थी ‘हा कोणत्या प्रकारचा त्रिभुज प्रदेश?’ यावर न थांबता ‘तो वाढतोय की झिजतोय आणि का?’ असे विचारू लागेल. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे.