पानिपतचा आरोपी कोण?

दरवर्षी १४ जानेवारीला तिळगुळाच्या शुभेच्छा संपत नाहीत तोच मोबाईलवर पानिपतचा खटला उभा राहतो. आरोपी आधीच ठरलेले असतात. कोणी म्हणतं, सदाशिवरावभाऊंनी गनिमी कावा सोडला. कोणी म्हणतं, मल्हारराव होळकर रणातून निघून गेले. कोणी यात्रेकरूंवर आणि बायकापोरांवर खापर फोडतं, तर कोणाला सुरजमल जाटाचा न ऐकलेला सल्ला आठवतो. आणि पाच-पंचवीस संदेशांनंतर वाद भाऊंचा-मल्हाररावांचा राहतच नाही, लिहिणाऱ्याच्या आडनावावर येतो.

वाद घालू नये असं आमचं म्हणणं नाही. आमचा आक्षेप आहे तो वादाच्या मांडणीला. यात तीन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले असतात. युद्ध का ओढवलं? लढाई का हरली? आणि हरल्यावर जी कत्तल झाली ती कोणी केली? या तिन्हींचा जबाबदार माणूस एकच असेल, असं कशावरून?

आपल्या आवडीचा प्रश्न दुसरा, म्हणून तो आधी घेऊ. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुरा घेतला, पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तुटला. डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ ला फौज बाहेर पडली ती अशी पोट खपाटीला गेलेली. एवढा लवाजमा सांभाळून सपाट मुलखात गनिमी कावा कसा खेळायचा होता, हे त्याची आठवण काढणाऱ्यांनी एकदा सांगावं. आता होळकरांचं. ते निघून गेले, हे खरं. पण दमाजी गायकवाड आणि विठ्ठल शिवदेव विंचूरकर हेही निघून गेलेच की! मग दरवर्षी आरोपीच्या पिंजऱ्यात एकटे मल्हाररावच का? याचं उत्तर १७६१ मध्ये सापडणार नाही, आजच्या आपल्या भांडणात सापडेल.

पुराव्याचंही तसंच. काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि त्याने हकिकत लिहिली ती बऱ्याच वर्षांनी. होळकरांची कैफियत होळकरांची बाजू मांडणारच. साक्षीदारांनाही स्वतःचे धनी होते. त्यातलं एक वाक्य उचलून समोरच्याच्या तोंडावर फेकणं, याला इतिहास म्हणत नाहीत.

याउलट त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं ‘पानिपत : १७६१’ बघा. लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा ते मराठीत आलं. शेजवलकर भाऊंची बाजू घेतात आणि ते लपवत नाहीत. नानासाहेब पेशव्यांना ते चांगलंच धारेवर धरतात. आपल्याला त्यांचं पटो न पटो, त्यांच्याशी भांडता येतं, कारण ते युक्तिवाद उघड मांडतात आणि एका दिवसाच्या लढाईपाशी थांबत नाहीत.

तिथेच पहिला प्रश्न येतो, जो आपण सहसा विचारत नाही. १७५२ च्या कराराने मराठ्यांनी मोगल बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी घेतली. १७५८ मध्ये रघुनाथराव लाहोरपर्यंत गेले. पंजाबवर अब्दालीचा दावा होता, म्हणजे गाठ पडणारच होती. नजीबाने त्याला बोलावलं, तो आला, आणि जानेवारी १७६० मध्ये बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. अब्दालीचा आणि नजीबाचा दोष यातून सुटत नाही. पण मग उत्तरेत आपल्या बाजूने कोणी का उभं राहिलं नाही? जयपूरच्या गादीच्या भांडणात आपण पैशासाठी हात घातला होता आणि १७५१ मध्ये जयपूरच्या लोकांनी शहरात आलेल्या मराठ्यांची कापाकापी केली, इतका तो राग होता. १७५४ मध्ये आपण सुरजमलाला कुंभेरीत वेढलं होतं. सहा वर्षांनी त्याने आपल्यासाठी जीव टाकावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? राजपूत बाजूला राहिले, सुरजमल अर्ध्यातून परतला, शुजा शत्रूला मिळाला. हा एकटेपणा भाऊंनी एका मोहिमेत कमावलेला नव्हता. त्यात पुण्याचा दरबार होता, शिंदे होते, होळकरही होते. इथे कोणत्याच आडनावाला सुटका नाही, आणि बहुधा म्हणूनच हा प्रश्न कोणी काढत नाही.

धर्माच्या नावाने सोपी वाटणी करू पाहणाऱ्यांनी एवढंच आठवावं की, मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याकडे होता आणि शुजाच्या फौजेत अनुपगिर गोसावी होता.

राहिला तिसरा प्रश्न. लढाई संपल्यावर हजारो कैद्यांची डोकी उडवली गेली, बायकामुलं गुलाम म्हणून नेली गेली. आपल्या वादात हे पापही भाऊंच्याच माथी मारलं जातं: कशाला आणलं होतं त्यांना? आणणं ही चूक म्हणा हवं तर. पण हत्यार न उरलेल्या माणसावर तलवार चालवणारा हात अब्दालीच्या फौजेचा होता. आपल्याच माणसांवर दोष टाकायच्या नादात आपण मारणाऱ्यांना विसरतो आणि मेलेल्यांनाही. त्यातून जीव वाचवून परतलेल्यांना अन्नवस्त्र आणि आसरा कोणी दिला? त्याच सुरजमलाने. या खटल्यात त्याची साक्ष कोणी काढत नाही.

आता प्रश्नोत्तरं. होळकरांबद्दल विचारायचं असेल तर जरूर विचारा. फक्त या तीन प्रश्नांपैकी तुमचा कोणता, तेवढं आधी सांगा.